काळी न पडलेली पट्टी

तिला तोंडावर सगळे 'मॅडम' म्हणायचे आणि पाठ फिरली की 'कधीपर्यंत'. हे तिलाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडंसं आवडतही होतं. प्रोजेक्ट मॅनेजर बाईला लोक दुसरं काय नाव ठेवणार? कुणीही काहीही सांगायला आलं की ही आधी विचारायची, "बरं, कधीपर्यंत?" समोरचा एक तारीख सांगून टाकायचा, ही ती लिहून घ्यायची, की तोही मोकळा आणि हीही मोकळी.

दोन जुनी इस्पितळं एकत्र करून एक नवी इमारत उभी राहिली होती, आणि त्या एकत्र करण्यातला एक तुकडा हिच्या वाट्याला आला होता: तळघरातली बांधणीची खोली. ऑपरेशन झालं की वापरलेल्या कात्र्या, चिमटे, पकडी धुऊन या खोलीत येत. इथली माणसं त्या तपासून, मोजून ट्रेमध्ये लावत, निळ्या कापडात गुंडाळत, वर पट्टी चिकटवत. तो ट्रे मग वाफेच्या मशीनमध्ये जाऊन शुद्ध व्हायचा आणि वर ऑपरेशन थिएटरमध्ये पोचायचा. काम तसं कंटाळवाणं. पण एक चिमटा कमी पडला तर वर टेबलावर झोपलेल्या माणसाचं काय होईल, हे इथला प्रत्येक जण जाणून होता.

पहिल्याच दिवशी या खोलीत भडका उडाला होता. टेकडीवरच्या इस्पितळाची माणसं आली ती मास्तरांबरोबर. मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, पण फडक्याची घडीसुद्धा वाकडी चालायची नाही म्हणून ते मास्तर. नदीकाठच्या इस्पितळाची माणसं आली ती काकूंबरोबर. या काकू सगळ्यांच्याच काकू, साफसफाईवाल्यापासून सर्जनपर्यंत. तासाभरात मास्तर म्हणाले, "आमच्याकडे असं नव्हतं." काकू म्हणाल्या, "मग जा तुमच्याकडे." एका ट्रेची दोन टोकं दोघांनी धरली होती म्हणे, आणि सोडायला कुणी तयार नाही.

'कधीपर्यंत'ने तो तिढा अर्ध्या तासात सोडवला. सकाळपाळी मास्तरांची, दुपारपाळी काकूंची, आणि मधे थोडा मोकळा वेळ, खोली पुसायला. एकाने दुसऱ्याचं तोंड बघायचंच नाही. भांडण जागच्या जागी बंद! तिने साहेबांना अहवालात लिहून पाठवलं, 'दोन्ही गटांत समन्वय उत्तम.' आणि दोन्ही गटांना उभं राहून सांगितलं, "या बदलात कुणाचीही नोकरी जाणार नाही. हा माझा शब्द." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण काकूंनी पदराने डोळे टिपलेले तिने पाहिले होते. तो शब्द तेव्हापासून तिच्या मानेवर बसलेला होता.

कारण ट्रे वेळेवर पोचेनात. भांडण नाही, तंटा नाही, माणसं तेवढीच, मशीन नवं कोरं, आणि तरी उशीर. वर ऑपरेशनं पुढे ढकलली जायला लागली. साहेबांनी तिला बोलावलं. साहेब म्हणजे इस्पितळाचे संचालक, भलता मऊ माणूस. वाईट बातमीही ते साखर घातल्यासारखी सांगायचे. "नाही, घाई काहीच नाही हं. छानच चाललंय तुमचं. फक्त बाहेरची एक कंपनी आहे, हेच काम करते. महिनाअखेर नाहीच सुधारलं तर… बघू. चहा घेणार?" त्या 'बघू'चा अर्थ तिला कळला. खोली बंद, मास्तर घरी, काकू घरी, आणि तिचा शब्द कचऱ्यात.

तिने बैठका घेतल्या. सकाळी मास्तरांच्या माणसांची, दुपारी काकूंच्या. "काही अडचण?" "छे हो मॅडम, सगळं छान." "काही हवंय?" "काही नको." "मग उशीर का होतो?" सगळे एकमेकांकडे बघायचे आणि मग जमिनीकडे. "करतो ना मॅडम लवकर." "कधीपर्यंत?" एक तारीख मिळायची. आळीमिळी गुपचिळी! तिने भिंतीवर तक्ते लावले, शिकवणारा माणूस आणून वर्ग घेतले. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग एक दिवस भांडारवाल्याने तिला जिन्यात गाठलं. हा इस्पितळाचा मालसाठा सांभाळणारा, तिरकस बोलण्यात पटाईत. "काय हो मॅडम, तुमची माणसं पट्टी खातात का?"

"काय?"

"पट्टी. ट्रेवर चिकटवायची. ट्रे जातात तेवढेच आणि पट्टी लागते दुप्पट. एक तर खात असतील, नाहीतर घरी नेऊन खिडक्या चिकटवत असतील."

एरवी तिने विचारलं असतं, वापर कमी कधीपर्यंत करायचा. जिभेवर आलंच होतं. पण हा प्रश्न काही तारखेने मिटण्यातला नव्हता. दुप्पट? दीडपट नाही, तिप्पट नाही, नेमकी दुप्पट? तिचं कुतूहल चाळवलं. लहानपणी घड्याळ उघडून बसायची आणि मार खायची, ती पोर तिच्यात अजून कुठेतरी जिवंत होती.

दोन पाळ्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात ती तळघरात उतरली. खोलीत कुणी नव्हतं. स्टीलची टेबलं लखलखीत पुसलेली. तिने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि, कुणी बघत नाही ना हे बघून, चक्क आत हात घातला. पट्टीचे बोळेच्या बोळे. तिने एक उलगडला. या पट्टीवर फिकट पांढऱ्या तिरक्या रेघा असतात, आणि वाफ लागली की त्या काळ्या पडतात. रेघा काळ्या दिसल्या म्हणजे ट्रे मशीनमधून जाऊन आला. या बोळ्यांवरच्या रेघा पांढऱ्याफटक होत्या. सगळ्याच्या सगळ्या.

म्हणजे ट्रे बांधले गेले आणि वाफ लागायच्या आतच कुणीतरी सोडले. कुणी? आणि कशाला? तिने एक बोळा पर्समध्ये टाकला आणि हात धुतले.

घरी जेवणं झाल्यावर तिने तो बोळा टेबलावर ठेवला. नवरा म्हणाला, "हे काय, इस्पितळाचा कचरा आता घरी?" सासूबाईंनी चष्मा लावला, बोळा दोन बोटांत धरला, उलटा केला, सुलटा केला. तिने सगळी हकीकत सांगितली.

"अगं, त्यात काय एवढं?" सासूबाई म्हणाल्या. "एक जण बांधतंय, दुसरं सोडतंय आणि आपल्या पद्धतीने परत बांधतंय."

"पण आई, मग कुणी काही बोलत का नाही? भांडण नाही, तक्रार नाही…"

"तक्रार कशाला करतील? तुझ्याकडे कधी केली मी?"

"कसली?"

सासूबाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "आता विषय निघालाच आहे तर सांगते. तू रात्री भांडी लावतेस ना मांडणीत, ती तू ऑफिसला गेलीस की मी सगळी काढून परत लावते. पातेली खाली, ताटं वर. तुला वाईट वाटायला नको म्हणून तू गेल्यावर."

"रोज?"

"लग्न होऊन आलीस तेव्हापासून."

"अहो आई, आणि मी संध्याकाळी येऊन सगळी परत माझ्या जागी ठेवते! मला वाटायचं, हाच दुपारी येऊन पसारा करून जातो."

नवऱ्याने हातातला पेला खाली ठेवला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघी भांडी नाचवताय आणि बोलणी मी खातोय?"

तिघंही इतकी हसली की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. पण हसता हसता तिच्या मनात आलं: एकाच घरात राहून, एकाच ताटात जेवून, हे एवढंसं आपल्याला कधी कळलं नाही. आणि वाईट तरी कुणाला म्हणायचं? दोघींनी एकमेकींना जपलंच होतं की.

दुसऱ्या दिवशी दुपारपाळी सुरू झाली तेव्हा ती खोलीतच एका स्टुलावर बसलेली होती. डोक्याला टोपी, हातात मोजे, वही नाही की पेन नाही. काकू दचकल्या. "मॅडम? काही चुकलं का?"

"छे. मला बांधायला शिकवा, काकू. एवढे तक्ते लावले मी, पण एक ट्रे कधी हाताने बांधला नाही."

पहिला तासभर सगळ्या बायका अवघडून काम करत होत्या. मग हिने लावलेला पहिला ट्रे बघून एक जण फिस्सकन हसली, दुसरी म्हणाली, "मॅडम, ही कात्री आहे की कपडे वाळत घातलेत?" आणि खोली सैल झाली. ती एक शब्द बोलत नव्हती. 'का?' आणि 'कधीपर्यंत?' हे दोन शब्द तिने दातांखाली दाबून धरले होते, आणि ते धरताना घाम फुटत होता बाईला!

थोड्या वेळाने काकू मांडणीकडे गेल्या. सकाळपाळीने बांधून ठेवलेले, वाफेच्या वाटेवर असलेले ट्रे तिथे ओळीने होते. काकूंनी त्यातला एक अलगद उचलला, पट्टी सोडली, बोळा करून डब्यात टाकला, निळं कापड उलगडलं आणि सगळी हत्यारं काढून पुन्हा लावायला घेतली. चोरून नाही, रागाने नाही. नातवाचा विस्कटलेला भांग नीट करावा तशा मायेने.

"काकू, यात काही कमी होतं?"

"नाही हो, मास्तरांचं काही कमी नसतं. हिशोबी माणूस. पण लावायची रीत चुकते त्यांची. पकडी वर पाहिजेत, हे तळाशी घालतात. आता या वयात तोंडावर कशाला सांगायचं? आम्ही आपलं नीट करून देतो. तुम्हीही बोलू नका हं त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच टोपी, तेच स्टूल आणि समोर मास्तर. आदल्या दुपारचे जे ट्रे वाफेसाठी उरले होते, ते मास्तर एकेक करून सोडत होते. "बाई प्रेमळ आहे, मॅडम. पण कात्री उजवीकडे ठेवते. सांगितलं तर मन दुखेल. आधीच पहिल्या दिवशी मी नको ते बोललो होतो." त्यांनी मान खाली घातली. "त्याची मला अजून लाज वाटते."

तिला रडावं की हसावं कळेना. दोन्ही पाळ्या एकमेकांना सांभाळून घेण्यात मरमरून राबत होत्या, आणि त्या सांभाळण्यापायी दोन्ही पाळ्यांवर घरी बसायची वेळ आली होती. आणि हे सगळं जुळवून कुणी आणलं? हिनेच. तोंडं समोरासमोर येणार नाहीत अशी पक्की व्यवस्था हिनेच लावली होती, आणि वर शाबासकीही घेतली होती. तिला स्वतःची चीड आली.

मधला मोकळा वेळ तिने त्याच दिवशी रद्द केला. सकाळपाळीला थांबवलं, दुपारपाळीला लवकर बोलावलं, आणि वरच्या थिएटरमधल्या सिस्टरलाही खाली यायला सांगितलं. ही सिस्टर म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हे ट्रे उघडून सर्जनच्या हातात एकेक हत्यार देणारी. बोलायला कमी, पण हात विजेसारखा. एवढी माणसं त्या खोलीत कधी मावली नव्हती. तिने टेबलावर पांढऱ्या रेघांचे बोळे ओतले आणि काय दिसलं ते सरळ सांगितलं. "चूक कुणाचीच काढायची नाहीये. मला फक्त समजून घ्यायचंय. मास्तर, कात्री डावीकडे का?"

काकूंना टेबलावरच्या बोळ्यांचा अर्थ लागला. "म्हणजे माझे ट्रे तुम्ही सोडत होता?"

"आणि माझे तुम्ही!"

जो काही गलका झाला! सकाळपाळी एका बाजूला, दुपारपाळी दुसऱ्या. "वर्षानुवर्षं असंच लावतोय आम्ही!" "म्हणून बरोबर होतं का?" मधे पडून मिटवायचा मोह 'कधीपर्यंत'ला आवरत नव्हता, पण तिने स्टुलाची कड घट्ट धरली आणि बसून राहिली.

"आमचे मोठे डॉक्टर डावखुरे होते," शेवटी मास्तर ओरडले. "त्यांना कात्री डावीकडेच लागायची!"

"होते?" तिने विचारलं.

"म्हणजे… निवृत्त झाले."

"कधी?"

मास्तर बोटांवर वर्षं मोजायला लागले. काकू विजयाने हसल्या, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. कारण पकडी वर मागणारे त्यांचे डॉक्टरही केव्हाच परदेशी लेकीकडे जाऊन राहिले होते. दोन माणसं गेलेली, आणि त्यांच्या हातांसाठी इथे अजून ट्रे लागत होते.

"मग आता वर कसा लागतो ट्रे?" काकूंनी सिस्टरला विचारलं. हा प्रश्न इतक्या दिवसांत कुणीच विचारला नव्हता, अगदी प्रोजेक्ट मॅनेजर बाईंनीसुद्धा.

सिस्टर ओशाळली. "काकू, रागावू नका. मी सगळा ट्रे टेबलावर ओतते आणि माझ्या पद्धतीने पुन्हा लावते. रोजच. तुम्ही सगळे एवढ्या मनापासून लावता, म्हटलं कशाला सांगायचं."

कुणीतरी हसायला सुरुवात केली, पण काकू मटकन स्टुलावर बसल्या. डोळ्यांत पाणी. "मग आम्ही कुणासाठी लावत होतो गं?"

सिस्टर त्यांच्याजवळ गेली. "कुणासाठी काय? आजवर तुमचा एकही ट्रे कमी निघाला नाही, ना मास्तरांचा. मोजल्याशिवाय ओतायची माझी हिंमत कशामुळे होते? मला ठाऊक असतं, खाली कोण बसलंय."

एवढ्यात दार उघडलं. आवाज ऐकून साहेब खाली आले होते. "काय चाललंय? काही प्रॉब्लेम?"

आणि बघता बघता चमत्कार झाला. आत्तापर्यंत गळ्याच्या शिरा ताणून भांडणारी माणसं एका सुरात म्हणाली, "काही नाही साहेब. सगळं छान."

तिने ते ऐकलं मात्र, ती उठली. "छान नाहीये, साहेब. एकेक ट्रे इथे दोनदा बांधला जातो आणि वर तिसऱ्यांदा लावला जातो. उशीर त्याचाच आहे. ही माणसं एकमेकांशी बोलू नयेत अशी सोय मी केली, आणि समन्वय उत्तम म्हणून तुम्हाला लिहून दिलं. चूक माझी आहे."

साहेब गोरेमोरे झाले. चष्मा काढून ते पुसायला लागले. "तुमचा तो अहवाल वाचून मला वाटलं, सगळं इतकं छान असून उशीर होतो म्हणजे माणसांतच दम नाही." त्यांचा आवाज खाली गेला. "काल मी त्या कंपनीला हो म्हणून टाकलं. सोमवारी यायचेत ते. म्हणजे… नाही कसं म्हणायचं, फार चांगली माणसं आहेत हो."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत तिचा तो शब्द होता, उभं राहून दिलेला. ती साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली. "आत्ता फोन करा, साहेब. इथूनच."

"आत्ता? उद्या सकाळी शांतपणे…"

"आत्ता."

साहेबांनी फोन लावला. "हॅलो? हां, नमस्कार, नमस्कार! छान, छान… घरचे बरे? वा वा… नाही, सहजच… सोमवारचं ना? हो, हो… म्हणजे तसं हो, पण जरा… नाही नाही, तुमच्याबद्दल आदरच आहे…"

साहेब भिंतीकडे तोंड करून फिरत होते आणि सगळी खोली त्यांच्याबरोबर मान फिरवत होती. आणखी एकदा 'छान' म्हणाले असते तर सोमवार नक्की झाला असता. मास्तरांनी जन्मात कुठल्या वरिष्ठापुढे आवाज चढवला नव्हता. ते पुढे आले आणि पहिल्या दिवशी काकूंवर ओरडले होते तसेच ओरडले, "साहेब, सरळ सांगा! समोरचा मरत नाही त्याने!"

साहेब थबकले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, ओल्या डोळ्यांच्या काकूंकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि फोनमध्ये म्हणाले, "नको. आम्हाला तुमची माणसं नकोत. आमची आहेत." पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी. "नाही, बघू नाही," साहेब म्हणाले. "नाही म्हणजे नाही."

फोन बंद झाला. साहेबांना दरदरून घाम फुटला होता. काकू उठल्या, त्यांनी आपलं स्टूल साहेबांच्या मागे सरकवलं आणि म्हणाल्या, "बसा. पहिल्यांदा म्हटलं ना, पाय लटपटतातच."